स्थिर आकार

सुट्टीवर आलो की दिवाळे गावात
माझ्यापेक्षा माझ्या जहाजाची चौकशी जास्त.
परवा सेक्टर पंधरातून कर्णिक काका आले,
वीज मंडळातून निवृत्त.
हातात जुन्या बिलाची पाठकोरी बाजू,
तिच्यावर पेन्सिलीने आखलेल्या सात रात्री.
“तू तिथल्या बारमध्ये असतोस ना? मग खरं सांग,
ते ड्रिंक पॅकेज घ्यावं का?”

मी सांगितलं, जसं रोज काउंटरवर सांगतो:
दिवसाचे इतके डॉलर, वर अठरा टक्के सेवेचे.
दिवसाला पंधरा ग्लास, पण एका वेळी एकच.
कार्डावर नाव ज्याचं, घसाही त्याचाच.
महागातली सिंगल माल्ट यात बसत नाही,
वरचा फरक भरावा लागतो.
बंदर लागलं, दिवसभर किनाऱ्यावर भटकलात,
तरी त्या दिवसाचं मीटर चालूच.

काका पेन्सिल थांबवून हसले.
“म्हणजे स्थिर आकार!
पंखा लावा, नका लावू.
तेहतीस वर्षं लोक खिडकीशी येऊन भांडले माझ्याशी,
घर बंद होतं, तरी बिल कसलं?”
मग बिअरचा भाव, जिनचा भाव, भागाकार,
खाली दोन रेघा.
“सहा. रोज सहा झाले की सुटलो.”

चंद्रिका काकू तोवर जेट्टीकडे बघत होत्या.
ओहोटी, चिखलात कलंडलेल्या होड्या,
एका होडीवर वाळत घातलेला कुणाचा तरी शर्ट.
“मी तर पीत नाही,” त्या म्हणाल्या.

हे सांगताना मला नेहमीच जड जातं:
एका केबिनमध्ये दोन मोठी माणसं असली
की एकट्याने घेऊन चालत नाही.
दोघांनी घ्यायचं, नाहीतर कुणीच नाही.
“का?”
कारण कंपनीला माहीत असतं,
नवऱ्याचा ग्लास बायकोच्या नावावर निघतो.
“चला,” काकू म्हणाल्या,
“कुणाला तरी माहीत आहे.”

काकांनी काही ऐकलं नाही.
सहापुढे गुणिले दोन केलं,
आणि टोक मोडलं.

मी हे नाही सांगितलं
की पहिल्या रात्री सगळे वसुलीला निघतात,
तिसऱ्या सकाळी डोकं धरून सोडा मागतात,
आणि किनाऱ्यावर बसलेल्या कुणा हिशेबनीसाला
ती तिसरी सकाळ आधीपासून पाठ असते.
पैसे भरलेत म्हणून मागवलेले,
एकेक घोट घेऊन पूलच्या कडेला विसरलेले ग्लास
पहाटे मीच गोळा करतो.
छत्र्या वेगळ्या, लिंबाच्या फोडी वेगळ्या,
उरलेलं सिंकमध्ये.
त्या सिंकला कधीच चढत नाही.

बा कोपऱ्यात जाळं सांधत होता.
माडी सोडून त्याला अकरा वर्षं झाली.
मान वर न करता म्हणाला,
“पैसं आगोदर देलं,
न् तानच नाय लागली तं?”

काका टोक शोधायला चटईवर वाकले.
काकूंनी मला हळूच विचारलं,
“माझं कार्ड वेगळं मिळतं?
माझ्या नावाचं?”
हो.
“फोटोसकट?”
हो. कॉफी, सरबतं, सगळं त्यावरच.
“मग माझे पंधरा मी बघेन,” त्या म्हणाल्या.
“यांना सांग, घेऊ या.”

आईने चहा आणला.
काकूंनी हात पुढे करून
पहिला कप स्वतःला घेतला.