सावलीचं वळण

तेव्हा इचुकांचात एकच टेलिफोन होता
आणि त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला.
शर्यत आमच्या डोंगरातून जाणार म्हणून
राजधानीच्या पेपरनं मला तीन दिवसांची मजुरी कबूल केली:
गाडी दिसली की नंबर सांगायचा, वेळ सांगायची.
बाकीचं ते तिकडे लिहून घेणार होते.

आदल्या संध्याकाळी एक फोटोग्राफर आला.
लेदेस्मा. बुटांना अजून शहराचं पॉलिश.
"सगळ्यात वाईट वळण कुठलं, सेन्योरा?"
पाहुण्याला गोड पाण्याचा झरा दाखवावा
तसं मी त्याला सांगितलं,
क्रिसोस्तोमोची खेचरं जिथे दरीकडे बघत नाहीत, ते.
इतक्या वर्षांत आमच्या गावाचं कुणी काही विचारलं नव्हतं.
त्यानं मला चॉकलेट दिलं.
अर्धं मी ठेवून दिलं, कशासाठी कोण जाणे.

पहाट. पत्र्यावर दंव कडक झालेलं.
तोलारहून आदेलाइदा बोलली, नेहमीसारखी नाकातून,
"सतरा गेली गं. मागून चाळीस. मागून नऊ."
मी शाळेची वही उघडून आकडे मांडले.
बावीस मिनिटांनी आधी धुरळा, मग आवाज, मग गाडी:
गॉगल, दात, जाळीत अडकलेली कोंबडीची पिसं,
आणि गेली.
"सतरा! पाच बावन्न!" मी ओरडले.
तारेच्या त्या टोकाला टाइपरायटर खडखडला
आणि मला वाटलं, मीही जराशी पळतेय.

चाळीस आली.
मग तेवीस आली, एकतीस आली.

"आदेलाइदा, नऊ खरंच गेली ना?"
"गेली की. निळी. शेजारी बसलेला पोरगा केळं खात होता."

मी राजधानीला सांगितलं, नऊ यायची आहे.
"आलेल्या सांगा, बाई.
न आलेल्यांना आमच्याकडे रकाना नाही."

दुपारी लेदेस्मा आला. गुडघ्यापर्यंत माती.
फोन मागितला, पण रिसीव्हर त्याच्या हातात ठरेना,
म्हणून मी तो त्याच्या कानाला धरून उभी राहिले.
दरी किती खोल, ते त्यानं सांगितलं.
चाकं बराच वेळ फिरत होती, तेही.
मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं
आणि तो म्हणाला, "हो. मिळालाय. हवेतच मिळालाय."
मला वाटलं होतं, पोरगा.
तो फोटोबद्दल बोलत होता.

पेपर आमच्याकडे पाचव्या दिवशी पोचला, बसच्या टपावरून.
पहिल्या पानावर गाडी, आभाळात,
जणू कुणी अलगद वर ठेवलेली.
खाली जाड अक्षरांत: मृत्यूचं वळण.

आम्ही त्याला सावलीचं वळण म्हणायचो.
भर उन्हात तिथे कड्याची सावली पडते,
खेचरं थांबतात, बायका ओझी उतरवून
एकमेकींच्या सासवांना नावं ठेवतात.
माझं पहिलं भांडण तिथेच झालं, नवऱ्याशी, लग्नाआधी.
पण छापलेल्या नावापुढे बोललेलं नाव किती टिकणार?
आधी ड्रायव्हर म्हणू लागले, मग नकाशा,
मग माझीच नातवंडं.
लेदेस्माला त्या फोटोचं बक्षीस मिळालं म्हणे.
त्यानं मला एक पत्र लिहिलं होतं.
त्यात फोटोचा उल्लेख नव्हता, गुडघेदुखीचा होता.

परवा एक मुलगा आला, कानात वायरी खुपसलेल्या.
शर्यतीला इतकी वर्षं झाली म्हणून काहीतरी दाखवणार आहेत.
मी त्याला वही दिली.
नवाच्या पुढची रिकामी जागा त्यानं पाहिली,
पान फाटलंय का म्हणून उलटून पाहिलं.
केळ्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं कॅमेरा बंद केला होता.

जाताना म्हणाला, "आजी, मृत्यूच्या वळणाला कसं जायचं?"
मी म्हटलं, "सावलीचं वळण इथून दोन तासांवर. सरळ चालत राहा."
तो हसला, गडबडला.
"नाही, ते नको," म्हणाला.
"मला ते दुसरं हवंय."