सुटण्याची जागा

गुदैबियात, शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
मिस ओफेलिया माझा हात मनगटाशी धरते,
वर उचलते, म्हणते, सोड.
मी सोडत नाही. हात तिथेच लटकतो
ब्रेक मारलेल्या जिबसारखा.

बोटांत स्नायू नसतात, ती सांगते.
मला हसू येतं. हुकात तरी कुठे असतं इंजिन, बाई?
ड्रम मागे, केबिनच्या पाठीशी. दोर तेवढा लांब.
ती कोपराखाली अंगठा रुतवते:
हा तुझा ड्रम. बघ किती तापलाय.

पट्टी खाली जाते दहा मिलिमीटर,
आतली हातोडी उडते त्याच्या पाचपट.
तरफ मला नवी नाही,
एकवीस वर्षं हिद्दच्या धक्क्यावर तेच खातोय.
पण हे ठाऊक नव्हतं, की तारेच्या
दोनेक मिलिमीटर अलीकडे
हातोडी सुटते.
तिथून पुढे ती एकटी.
मग बोट दाबून धरा, रेटा, खांदे कानांपर्यंत न्या,
तिला पत्ताही नसतो.
वेग पोचतो, ओफेलिया म्हणते, जोर नाही.
जो काय जीव लावायचा तो आधी.

आमच्यात उलटं.
माल टेकून, साखळी ढिली पडून,
खालून इद्रीस मूठ उघडेपर्यंत
कुणी काही सोडत नाही.
एकदा सुटलं होतं. शमाल नव्हता, काही नव्हतं.
ते जाऊ दे.

ऑगस्टात तिचा एसी गेला, लाकूड फुगलं,
मधली एक पट्टी दाबली की खालीच बसून राहायची.
तुझा भाऊ, ती म्हणाली,
आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला आत गेली.

परवा पुन्हा मनगट धरलं. सोड.
का कोण जाणे, पडला.
पन्नास-पंचावन्न ग्रॅम पुरतात पट्टी हलायला,
माझा हात खांद्यापासून चार किलोचा.
केवढा सूर आला! खिडकीची काच थरथरली.
खालचं मशीन थांबलं.
शिंपी गळ्यात टेप घेऊन अर्ध्या जिन्यात:
काय पडलं, भाई?

मी अजून तार ऐकत होतो.
पेडलवर पाय होता, तरी ती विझतच चाललेली.

काही नाही, म्हटलं.
हात.