भिजेस्तोवर

छत्तिसाव्या वर्षी मी दातांना तारा लावून घेतल्या.
भुसावळहून परतले तर फैजपूरच्या स्टँडवर
मुक्ताजाऊ भेटली. म्हणाली, आता कायले वं माय?
लग्न झालं, दोन पोरं झाली,
आता कोणाले दाखवशीन?
लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत माझे दात नाहीत,
हे तिला सांगायचं होतं.
पण तोंड उघडलं की तार गालाला घासत होती.

राणे डॉक्टरांनी छापील कागद दिलेला:
कडक नको, चिकट नको, कुरकुरीत नको.
खाली पेनाने, गाव विचारून झाल्यावर
त्यांनी स्वतः वाढवलेलं, बिबड्या नको.
फेब्रुवारी होता.
आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती,
नुसत्या बिबड्या वाळत होत्या.

पहिले आठ दिवस मी केळं खाल्लं.
केळं आम्ही खात नाही.
कापतो, मोजतो, ट्रकमध्ये भरतो,
भावावरून भांडतो, दिल्लीला पाठवतो.
शाळेत डब्यात केळं निघालं
की मैत्रिणींना कळायचं, घरी आज भाजी नव्हती.
आता रात्री साडेदहाला ओट्याशी उभी राहून
चमच्याने कुस्करताना
लक्षात आलं, मधोमध ते किंचित आंबट असतं.
सासऱ्यांना सांगितलं. चाळीस वर्षं बाग आहे त्यांची.
म्हणाले, असं?

मग जरा हिंमत आली.
तुरीच्या डाळीचे फुनके, कढीत बुडवून.
कळण्याची रात्रीची भाकरी, सकाळी दुधात.
शेवभाजीतली शेव रश्श्यात पाच मिनिटं;
सहाव्या मिनिटाला ती शेव राहत नाही.
ठेच्याने मात्र दगा दिला.
मिरचीचं एक बी सुळ्याच्या तारेमागे जाऊन बसलं
आणि पतपेढीत व्हाउचरं लिहिताना
चार वाजेपर्यंत मला जेवण लागत राहिलं.

डिसेंबरात नणंदेच्या मळ्यात भरीत झालं.
बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांचा जाळ,
बडगीत दोघांनी आळीपाळीने ठेचलेली.
शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात.
कागदावरचे सगळे गुन्हे एका ताटात.
मी पंगतीच्या टोकाला बसले, लोकांकडे पाठ करून.
तिथे आधीच सुपडूआबा बसलेले.
वय एक्याऐंशी, तोंडात एक दात नाही.
कवळी खिशात, रुमालात गुंडाळून.
फोटोपुरती घालतो, म्हणाले.

त्यांनी पुरीचे तुकडे केले, भरतात दाबले,
वर कढी ओतली
आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.
मी विचारलं, कोणाची वाट पाहता?
भिजू दे. घाई दात असणाऱ्यांले.
मग शेंगदाणे एकेक वेचून
माझ्या पोराच्या ताटात टाकू लागले.
मीही टाकले. पोराला वाटलं आपला वाढदिवस आहे.

आम्ही बसून राहिलो.
समोरच्या रांगेत दुसऱ्यांदा वाढून झालं,
कुणाचा तरी ढेकर ऐकू आला,
विहिरीवरची मोटर बंद झाली.
मग आबांनी पहिला घास घेतला आणि मान हलवली,
म्हणजे आता घे.

जीभ आणि टाळू, एवढ्यावर भागतं.
आधी धूर येतो. मग लसूण.
मिरची फार मागून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी,
आणि सगळ्यांत जास्त बोलते.
मी तीनदा मागून घेतलं.
नणंद म्हणाली, दुखत नाही वाटतं?
दुखत होतं. सोमवारीच तारा आवळल्या होत्या.

इतक्यात भाच्याने हाक मारली, मामी, इकडे!
आणि मी वळून हसले. हात वर न्यायचं राहून गेलं.

फोटो मोबाइलवर आहे.
माझ्या वरच्या तारेत कांद्याची पात, हिरवीगार.
शेजारी आबांचा हात खिशात,
कवळी शोधतोय.