ही, शी, अल

पहिल्या दिवशी फळ्यावर दोनच शब्द लिहिले,
ही आणि शी.
पाचवीत, आमच्या परतूरच्या शाळेत,
'शी' म्हटल्यावर अख्खा वर्ग नाक धरून हसला होता
आणि कुलथे सरांनी सगळ्यांना बाकावर उभं केलं होतं.
इथे कुणी हसलं नाही.
इसिक-कुलच्या दक्षिण काठावर
सतरा पोरं, त्यातली तिघं धाकट्यांना मांडीवर घेऊन,
माझ्याकडे बघत राहिली, अदबीनं.
म्हणजे काहीच कळलं नाही.

त्यांच्या किरगिझमध्ये तो, ती, ते, सगळ्यांना मिळून एकच: अल.
मामा अल, घोडी अल, समोरचं तळंही अल.
आमच्यात टेबल ते, खुर्ची ती, फळा तो,
लाकडालासुद्धा आम्ही मोकळं सोडत नाही,
हे सांगितलं तर एल्दियार म्हणाला,
"एजेके, खुर्चीला ठाऊक असतं का?"

दुपारी इंग्रजी नसतं. दुपारी 'युवा उपक्रम'.
संस्थेच्या कागदावर त्याला नेतृत्वविकास म्हणतात,
रंगीत बाण काढलेत.
मी दोन खांब रोवले,
आठ जणांना उकिडवं बसवलं, तोंडं एकाआड एक फिरवली
आणि खो-खो शिकवला.
पाठीवर थाप मारायची, खो म्हणायचं.
खो म्हणजे काय, एजेके?
म्हणजे ऊठ, आता तू. मी बसते तुझ्या जागी.
हे मात्र एका झटक्यात कळलं.
नेतृत्वाचं देव जाणे,
एक गुडघा फुटला, छपरावरचे निम्मे जर्दाळू संपले,
आणि एक मेंढपाळ घोडा थांबवून संध्याकाळपर्यंत बघत राहिला.

रात्री वह्या.
बेगिमाय, वय दहा, रेघ सोडून वर चढणारं अक्षर:
माय मदर इज इन मॉस्को.
ही वॉशेज प्लेट्स.
ही कम्स इन न्यू इयर.
ही हॅज कोल्ड हँड्स.
मी लाल पेन काढलं.
ही खोडलं, शी केलं. तीनदा.
मग वीज गेली,
आणि अंधारात तीच वाक्यं मला मराठीत ऐकू यायला लागली:
ही ताटल्या धुते.
ही नव्या वर्षाला येते.
हिचे हात गार आहेत.

लांबच्या बाईला आपण ती म्हणतो.
ही म्हणतो ते
वेणी घालायला पाठीमागे बसलेल्या,
हात लांबवला की पदर सापडेल अशा बाईला.
पोरगी चुकली
आणि तीन दिवसांची रेल्वे एका अक्षरात संपली.

परीक्षेत हे चालत नाही.
सकाळी मी तिच्याकडून शी घोटून घेतलं, दहा वेळा.
घ्यावंच लागतं.
उद्या ही पोरं कुणी सोलला, कुणी आणखी कुठे जातील,
आणि चुकीच्या शब्दावर लोक कसे हसतात
ते मला माहीत आहे,
माझ्या व्ही आणि डब्ल्यूवर पुष्कळ हसून झालंय.
फक्त वहीत, खोडलेल्या प्रत्येक 'ही'खाली
पेन्सिलीनं बारीक टिंबं दिली.
छापखान्यातल्या काकांनी शिकवलेली खूण:
खोडलंय, तरी राहू द्यावं.
"हे काय, एजेके?"
म्हटलं, नक्षी.

ऑगस्ट संपला. मार्श्रुत्का आली.
निरोपाचे दोन शब्द पाठ करून ठेवले होते,
ते घशातच अडकले.
पायरीवर पाय ठेवला
आणि पाठीवर थाप बसली, खो!
वळून बघते तर
सगळी धुळीत उकिडवी बसलेली, एकाआड एक,
निम्मी माझ्याकडे, निम्मी तळ्याकडे तोंड करून.
कुणी मारली? मी विचारलं. ही ऑर शी?
सतराच्या सतरा, एका आवाजात:
अल.