दहा-वीसची

दवाखान्यातून मेसेज आला होता:
डॉक्टर सोमवारी दहा वीसला फोन करतील.
दहा वीस म्हणजे दहा वीसच, असं मी धरून चाललो.
सदतीस वर्षं कार्लाइलच्या मार्गावर
सिग्नल केबिनमध्ये काढली मी.
गाडी अर्धा मिनिट चुकली तरी वहीत चढायची,
कारणासकट.

सकाळी दाढी केली.
विनी म्हणाली, फोनसाठी दाढी?
मी इस्त्रीचा शर्टही घातला.
गॅसच्या बिलामागे मुद्दे लिहून काढले:
डावा हात. तीन बोटं. पहाटे जास्त.
कप दोनदा निसटला, त्यातला एक तिच्या आईचा.
चौथा मुद्दा लिहिला आणि खोडला.

आमचं घर दगडी. मोबाइलला रेंज मिळते
फक्त जिन्याच्या चौथ्या पायरीवर, खिडकीकडे कलून.
आयुष्यभर दुसऱ्यांना सिग्नल दिला,
आता स्वतःला मिळावा म्हणून
जिन्यात बसलोय, गुडघे हनुवटीला लावून.

दहा वीस.
दहा चाळीस.
विनीनं व्हॅक्यूम लावला नाही, किटली लावली नाही,
कुजबुजत विचारलं, आला?
जसं काही घरात कुणी आजारी झोपलंय.
अकराला फोन वाजला. छताला सौर पॅनेल हवेत का?
त्या पोराला मी जे बोललो
ते विनीनं आधी कधी ऐकलं नव्हतं.

बाथरूमला जायचं होतं. गेलो नाही.
एकला सँडविच पायरीवरच आलं.
दोनला मीच लावला. रांगेत तुमचा नंबर चौदावा,
तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
मग व्हायोलिन, तीच आठ सुरांची फिरकी,
मग तेरावा. मग व्हायोलिन.
नववा असताना मीच ठेवला,
म्हटलं, याच वेळेला डॉक्टरांनी लावला तर?

पावणेचारला कचऱ्याची गाडी वळणावर दिसली.
दोन मिनिटं. फक्त दोन.
डबा फाटकापर्यंत ओढला आणि परत आलो.
पायरीवर फोन निपचित. पडद्यावर ओळ:
एक मिस्ड कॉल. नंबर लपवलेला.

या वेळी व्हायोलिन पुरतं ऐकलं.
काउंटरवरची मुलगी गोड होती, तेच जास्त झोंबलं.
डॉक्टरांनी प्रयत्न केला हो, मिस्टर थ्वेट,
रेकॉर्डला आहे इथे: पेशंट उपलब्ध नाही.

उपलब्ध नाही!
सकाळी आठपासून ह्या पायरीवर
माझ्या बुडाचा ठसा उमटलाय, बाई.
असं म्हणायचं होतं. म्हणालो, बरं. थँक यू.
पुन्हा थँक यू.

सहा सत्तेचाळीसला वाजला.
बाईंचा आवाज बसलेला, मागे कुणीतरी दिवे बंद करत होतं,
त्या काहीतरी चावत होत्या, बिस्किट असावं.
दिवसभर घासूनपुसून तयार केलेलं वाक्य
माझ्या जिभेवर होतं, धारदार.
हॅलो मिस्टर थ्वेट, माफ करा हं, कसे आहात?

आणि मी म्हणालो, मजेत. तुम्ही?

विनीनं कपाळावर हात मारला.
फोन डाव्या हातात होता, बोटं कुठायत ते कळेना,
तो निसटला, तीन पायऱ्या गडगडत खाली गेला,
आणि तिथून, मोज्यांजवळून,
रेंज नसलेल्या जागेतून, आवाज तुटत आला:
मिस्टर थ्वेट... तुम्ही... हाताचं काही...

रात्री जुनी वही काढली. उरलेली पानं पुष्कळ आहेत.
दहा-वीसची. आली अठरा सत्तेचाळीस.
उशीर आठ तास सत्तावीस मिनिटं.
कारणाच्या रकान्यात पेन थांबलं.
बिस्किट, लिहावं का?
लिहिलं नाही. उजव्या हातानं डावा धरून
बराच वेळ बसलो, आणि खोडलेला चौथा मुद्दा
बिलामागे पुन्हा लिहिला:
भीती वाटते.