नऊशे बारा पूर्णांक चार

रीगा, चौथा मजला, डिसेंबर.
साडेतीनलाच दिवे लावले आम्ही.
मी एक ओळ लिहिते, वजन लाव,
आणि चार हजार नव्वद माणसं
चहा निवायच्या आत पंधरा लाख होतात.

शितावरून भाताची परीक्षा, ठीक;
पण कुठल्या शितामागे किती भात
ते आधी ठरवावं लागतं.

ओळ क्रमांक दोन हजार दोनशे सतरा:
पुरुष, एक्याऐंशी, एकटा, लाटगाले.
वजन नऊशे बारा पूर्णांक चार.
फाइलमध्ये नाव नसतं.
वेल्टा गेली होती तिकडे, दोन बस बदलून, बर्फातून.
सांगू नये, पण कॅन्टीनमध्ये सांगितलंच तिने:
इझिदोर्स.

त्या रस्त्यावर आमच्या यादीतली पाच दारं.
दोन कुलूपबंद, माणसं आयर्लंडला.
एकाने पडद्यामागून हात हलवला, जा म्हणून.
एकीला ऐकूच येत नव्हतं.
न उघडलेल्या दारांचा भार
उघडलेल्या दारावर पडतो.
सूत्र यापेक्षा लांब आहे, अर्थ एवढाच.

प्रश्न चौदा: रात्री बरं वाटेनासं झालं
तर हाक मारायला कोणी आहे?
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
कुत्रा धरतात का?
वेल्टाने फॉर्म चाळला. नाही धरत.
मग दोन. दोन म्हणजे नाही.

सामूहिक शेताच्या सभेत
चाळीस वर्षं मागच्या बाकावर बसला,
त्याच्या शब्दाला तिथे कसलं वजन.
आता तो एकदा नाही म्हणतो
आणि नऊशे बारा जण नाही म्हणतात,
शिवाय कोणा एकाचा चार दशांश,
अंथरुणात अर्धवट उठून बसलेला.

गुंटार्स म्हणतो, सहाशेच्या वरचं छाट.
एकटा म्हातारा अख्खा आलेख ओढतोय.
बरोबर आहे त्याचं.
मी छाटते. उरलेले तीनशे बारा पूर्णांक चार
बाकीच्यांत वाटून देते, चिमूट चिमूट:
विद्यापीठातल्या मुलीला, बंदरावरच्या क्रेनवाल्याला.
त्यांना कळतही नाही.
एकट्या वृद्धांच्या तक्त्यात
नकार जरासे उतरतात.
मापात पाप नाही. दोनदा तपासलं.

निघताना शेवटची ओळ: वजन बंद.
ही विसरली तर उद्या कोणी
साधी मोजदाद करायला बसेल आणि भलत्याच गर्दीत सापडेल.
पंधरा लाख परत चार हजार नव्वद.
दोन हजार दोनशे सतरावर
एक माणूस.

कुत्र्यासाठी रकाना नाही.
कोट घातल्यावरही
मी पुन्हा एकदा शोधला.