उद्देश क्रमांक चार

सात जण लागतात, अत्तारबाईंनी सांगितलं.
आम्ही सहा. सातवा म्हणून
गुंजाळांच्या जावयाला धरून आणलं,
ज्याला शिडीवर चढतानाही घेरी येते.
त्यानं सही केली, डोळे मिटून.

विमान आधीच होतं. म्हणजे अर्धं.
फुरसुंगीत, सिमेंटच्या गोदामात,
पंख काढून भिंतीला टेकवलेले
आणि कॉकपिटमध्ये मांजरीची तीन पिल्लं.
गुंजाळांनी लोहगावला पस्तीस वर्षं
दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली.
आता म्हणतात, हे कुणाचंच नसेल,
मग पाना हरवला की ओरडायचं कुणावर?

घटना मी लिहिली. चौदा पानं.
कार्यक्षेत्राच्या रकान्यात केळशीकरांनी
'आकाश' लिहून ठेवलं होतं,
ते खोडून 'पुणे जिल्हा' केलं.
नफा सभासदांत वाटता येणार नाही.
संस्था विसर्जित झाल्यास शिल्लक
तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाईल.
तिथं मी जरा थांबले.
दिवे घाटावरून मस्तानी तलाव
ताटलीएवढा दिसतो म्हणे;
ते खाली आणून
कोण कुणाला वाटणार होतं?
उतरल्यावर हात रिकामेच,
फक्त कानाला थोडे दडे.

धर्मादाय कार्यालयात तिसरी खेप.
देशभ्रतारांनी उद्देश क्रमांक चारवर बोट ठेवलं:
'सर्वसामान्यांना उडण्याचा आनंद मिळवून देणे.'
"आनंद बसत नाही," ते म्हणाले.
"शिक्षण बसतं. आरोग्य बसतं.
गोरगरिबांना मदत तर बसतेच."
"मग शिक्षण घाला," अत्तारबाई.
"आनंद राहू दे, कंसात," गुंजाळ.
"कंस चालत नाहीत."

खोडलं.
खाडाखोडीवर सातही जणांच्या सह्या,
जावई एव्हाना सराईत झालेला.
वर्गणी किती, लेखापरीक्षण कधी,
पिल्लांचं काय करायचं,
हे सगळं जिन्यावरच ठरत गेलं.

शिक्का बसला तेव्हा साडेपाच होत आलेले.
पंखे एकेक करून बंद होत होते.
देशभ्रतारांनी फाईलची नाडी बांधली,
सोडली, पुन्हा बांधली.
मग मानेच्या पट्ट्यावरून हात फिरवत,
शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं,
"यात," म्हणाले, "वजनाची अट
किती असते हो?"